एकाच घरात राहून एकालाच आजार का?

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात आपली बहुसंख्य कुटुंबे एका-दोन खोल्यांत राहतात. पाणी एकाच नळाचे, जेवण एकाच भांड्यातले, प्रवास त्याच गर्दीच्या लोकलचा. तरीही पावसाळा आला की घरातील एकालाच ताप धरतो, पंधरा पंधरा दिवस सोडत नाही आणि बाकीची मंडळी ठणठणीत असतात. एका भावाला क्षयरोग होतो, त्याच्याच अंथरुणाशेजारी झोपणाऱ्या दुसऱ्या भावाला काहीही होत नाही. असे का व्हावे?

शेजारीपाजारी आपापल्या परीने उत्तर देतात. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते नशीब, कोणी म्हणते मागील जन्मीचे काही असेल. विज्ञानाने या प्रश्नाचा शोध वेगळ्या मार्गाने घेतला आहे. तो येथे सोप्या भाषेत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आहोत. परंतु हा विषय आपल्या समाजाच्या अगदी रक्तापर्यंत येऊन पोहोचतो असे वाचनातून दिसून आले, म्हणून हे लिहीत आहोत.

जंतू हवाच, पण तो पुरेसा नाही

क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली शोधून काढला. त्यानंतर अनेकांना वाटले, जंतू सापडला म्हणजे रोगाचे पूर्ण कारण सापडले. पण तसे नव्हते. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला असतो. त्यांपैकी शंभरात पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. उरलेल्या नव्वदांचे शरीर त्या जंतूला दाबून ठेवते. म्हणजे खरा प्रश्न "जंतू कोठून आला" एवढाच नाही. "या शरीराने त्याला का आवरले नाही" हाही आहे.

याचे पहिले उत्तर साधे आहे: अन्न. झारखंडमध्ये चार जिल्ह्यांत क्षयरोगाच्या 2,800 रुग्णांच्या घरी एक मोठे संशोधन झाले. त्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसांवर लक्ष ठेवण्यात आले. काही घरांत रुग्णाबरोबर इतर सर्वांनाही दरमहा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे दिली गेली. काही घरांत शिधा फक्त रुग्णाला मिळाला. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे घरातील इतरांना नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले. नवे औषध नाही, नवी लस नाही. डाळ-भाताने केलेले हे काम आहे. याखेरीज मधुमेह, विडी-सिगारेट, दारू, खिडकी नसलेली कोंदट खोली यांनीही शरीर दुबळे होते. मधुमेही माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो.

जन्मतःच असलेली उणीव

परंतु पोटभर अन्न मिळूनही काही मुले सारखी आजारी पडतात. वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया, कान सतत वाहणे, त्वचेवर न भरणारे गळू. अशा काही मुलांच्या शरीरात आईवडिलांकडून आलेल्या जनुकांतच उणीव असते. आज अशा शेकडो प्रकारच्या उणिवा माहीत झाल्या आहेत. एका प्रकारात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, पण रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेपर्यंत त्यांना जाता येत नाही. पोलीस चौकीत आहेत, पण दाराला बाहेरून कडी आहे, अशी ही अवस्था. अशा बाळाची नाळ बरेच आठवडे गळून पडत नाही. जाणत्या डॉक्टरला तेवढी खूणही पुरते.

या उणिवांचा तपास करणारी देशातील एक प्रमुख संस्था आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. 1957 साली रक्तगट तपासणारे केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. त्याआधी पाच वर्षे, 1952 साली, डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अत्यंत दुर्मीळ रक्तगट शोधला होता. तो जगभर "बॉम्बे ब्लड ग्रुप" या नावाने ओळखला जातो. रक्ताचा असा बारकाईने अभ्यास करण्याची परंपरा असलेल्या या शहरात आता मुलांच्या जन्मजात प्रतिकारशक्तीची तपासणीही होते.

आपल्या रक्तातील गोष्ट: सिकलसेल

वरील उणिवा विरळा आहेत. परंतु संसर्गाला बळी पाडणारी एक जन्मजात उणीव आपल्या समाजात विरळा नाही, आणि तिच्याविषयीच आम्हाला मुख्यतः सांगावयाचे आहे. ती म्हणजे सिकलसेल.

1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. 1949 साली लायनस पॉलिंग यांनी दाखवून दिले की दोष त्या पेशीतील हिमोग्लोबिनमध्ये आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 कड्या असतात. त्यांतील सहावी कडी बदललेली असते. एवढ्या एका बदलाने पेशी प्राणवायू कमी पडताच वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, हातपाय व सांधे दुखून मूल रात्रभर रडते.

याचा संसर्गाशी काय संबंध? संबंध पानथरीशी आहे. पोटाच्या डाव्या बाजूस बरगडीखाली असलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, ही रक्ताची गाळणी होय. न्यूमोनिया व मेंदूज्वर करणारे काही जंतू अंगाभोवती बुळबुळीत कवच घेऊन फिरतात. त्यांना पकडण्याचे काम मुख्यतः पानथरी करते. विळ्यासारख्या पेशी तिच्या बारीक वाटा तुंबवतात आणि लहानपणीच ही गाळणी निकामी होते. आपल्याकडील बऱ्याच रुग्णांत पानथरी वाढलेली हाताला लागते. पण मोठी पानथरी म्हणजे काम करणारी पानथरी नव्हे. मग ज्या तापाने शेजारचे मूल दोन दिवस झोपून उठते, त्याच तापात हे मूल काही तासांत दगावू शकते.

मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख 1958 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढील तपासण्यांत विदर्भातील पूर्वाश्रमीचा महार समाज, गोंड, माडिया, नंदुरबारकडील भिल्ल व पावरा यांच्यात हा दोष मोठ्या प्रमाणात आढळला. कुणबी, तेली इत्यादी समाजांतही तो आहे. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागातही आहे. देशाबाहेर आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस येथेही आहे. तेव्हा हा कोणत्याही जातीचा शिक्का नाही हे प्रथम लक्षात घ्यावे.

दोष टिकला कसा?

इतका घातक दोष पिढ्यानपिढ्या नष्ट का झाला नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून उत्तर दिले. आई आणि वडील या दोघांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस "वाहक" होतो. वाहक सहसा निरोगी असतो, आणि जीवघेण्या फॅल्सिपेरम मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. जंगलपट्टीत जेथे मलेरियाने मुले मरत, तेथे वाहक मुले जगली, वाढली, त्यांची वंशवेल टिकली. म्हणजे आज ज्याला आपण दोष म्हणतो, ती एके काळी आपल्या पूर्वजांची ढाल होती. दोन्हीकडून दोष आला की मात्र ढाल उरत नाही. अशा रुग्णाला मलेरियासुद्धा अधिक धोक्याचा असतो.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे दोन सह्या लागणाऱ्या संयुक्त खात्यासारखे आहे. एकच सही असेल तर व्यवहार होत नाही. माणूस वाहक राहतो. दोन्ही सह्या झाल्या की आजार. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ पूर्ण निरोगी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि रुग्ण असण्याची चारात एक असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. मामेबहीण-आतेभाऊ असे नात्यात लग्न झाले तर दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे राहणाऱ्यांनी काय करावे?

नागपूर, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे सिकलसेल म्हटले की दवाखान्यात लगेच कळते. परंतु रेल्वे, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, वागळे इस्टेट, डोंबिवलीचे कारखाने यांत नोकरीसाठी तिकडून आलेली कुटुंबे आता येथलीच झाली. येथल्या गल्लीतल्या दवाखान्यात मुलाचे सांधे दुखले तर आमवात, डोळे पिवळे दिसले तर कावीळ, रक्त कमी तर लोहाच्या गोळ्या, असे वर्षानुवर्षे चालू राहू शकते. डॉक्टरला दोष देण्यापेक्षा आपण स्वतःच सांगावे, "आमचे मूळ गाव विदर्भातले आहे, सिकलसेलची तपासणी करता का?" हा एक प्रश्न पुष्कळ वर्षे वाचवू शकतो.

तपासणी सोपी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक चाचणी होते. तीत दोष दिसल्यास दुसरी चाचणी करून माणूस वाहक आहे की रुग्ण हे निश्चित होते. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून 2047 पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय येथे प्रथम चौकशी करावी.

मूल रुग्ण निघाले तर हातपाय गाळू नयेत. 1986 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने गंभीर न्यूमोकोकस संसर्ग 84 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे साधे, जुने, स्वस्त औषध आहे. न्यूमोकोकसची लस 2021 पासून देशभरातील शासकीय लसीकरणात बाळांना मोफत दिली जाते. ती चुकवू नये. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात. ही सर्व औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. घरच्यांनी पाळावयाच्या गोष्टी थोड्या आहेत: मुलाला भरपूर पाणी पाजणे, कडक थंडी व अतिश्रम टाळणे, मच्छरदाणी वापरणे, आणि ताप 101 च्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठणे.

लपवू नका

खरी अडचण औषधाची नाही, लाजेची आहे. मुलीच्या रक्तात दोष निघाला तर लग्न जमणार नाही, या भीतीने तपासणीच टाळली जाते. वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न होण्यास काहीही हरकत नाही. दोघेही वाहक नसावेत, एवढेच पाहावयाचे. आणि दोघे वाहक असून लग्न ठरले वा झाले असेल, तरी गरोदरपणाच्या सुरुवातीसच डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. आजारी मूल जन्मले की सुनेला बोल लावण्याची रीत तर पूर्ण सोडून द्यावी. दोन सह्यांपैकी एक सही आपल्या मुलाचीही असते.

मागील जन्माचे कारण सांगणाऱ्यांना आपण एक आठवण द्यावी. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना विचारले होते की, माणसाला होणारे सर्व दुःख पूर्वकर्मामुळेच होते असे काही जण म्हणतात, ते खरे काय? बुद्धांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल अशी वेदनेची वेगवेगळी कारणे त्यांनी दाखवून दिली. कारण शोधा, म्हणजे उपाय सापडेल, हीच ती दृष्टी होय.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची संस्थेला आणि वस्त्यावस्त्यांतील मंडळांना नम्र विनंती आहे. जयंतीच्या कार्यक्रमात रक्तदान शिबिर आपण भरवतोच. त्याला जोडून शासकीय रुग्णालयाच्या मदतीने सिकलसेल तपासणी ठेवावी. वधू-वर मेळाव्याच्या अर्जात उंची, शिक्षण, नोकरी यांच्या रकान्यांखाली "सिकलसेल तपासणी केली आहे काय?" एवढा एक रकाना वाढवावा. त्याला खर्च काही नाही, आणि त्यातून वाचणारी मुले आपलीच आहेत.