यकृताचा मुका विकार : हिपॅटायटिस सी

कावीळ म्हटली की पिवळे डोळे आणि झाडपाल्याचे औषध आपल्या मनापुढे उभे राहते. हिपॅटायटिस सी या यकृतविकारात मात्र बहुतेकांस कावीळ होतच नाही, आणि नेमके हेच त्याचे भय आहे. रक्तावाटे पसरणाऱ्या या विषाणूची ओळख १९८९ साली पटली. तोपर्यंत डॉक्टरमंडळी या रोगास ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे नकारार्थी नाव देत असत.

लागण झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. इतरांच्या यकृतात तो ठाण मांडतो. मग वर्षानुवर्षे थकवा आणि उजव्या बरगडीखाली जडपणा, यापलीकडे रोग्यास सांगण्यासारखे फारसे नसते. क्वचित पायांवर जांभळट पुरळ उठते. रक्तातील एएलटी कधी वाढते, कधी स्वाभाविक असते. तेव्हा एकाच चांगल्या अहवालावर विसंबणे बरे नव्हे.

रोगी असा निश्चिंत असता आत काय चाललेले असते? सुईने काढलेला यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर ज्या वाटांनी रक्तवाहिन्या व पित्तनलिका यकृतात पसरतात, तेथे लसिकापेशींचे गोलसर पुंजके दिसतात. त्या वाटांच्या कडेच्या यकृतपेशी कुरतडल्यासारख्या होतात, लहान पित्तनलिकांस इजा पोहोचते, आणि पेशींत चरबीचे थेंब साठतात. भारतात पुष्कळ आढळणाऱ्या तिसऱ्या उपजातीत ही चरबी विशेष असते. यांतील कोणतीही खूण एकटी निर्णायक नाही. खरा प्रश्न तंतूंचा. इजा भरून काढण्यासाठी निर्माण झालेले तंतू एका वाटेपासून दुसरीपर्यंत पूल बांधीत जातात, आणि अखेर यकृत गाठीगाठींचे व कठीण होते. हाच सिऱ्होसिस. वीस वर्षांत तो १५ ते ३० टक्के दीर्घरोग्यांस गाठतो. मग जलोदर, रक्ताची उलटी, कर्करोग. तंतूंची पायरी शून्य ते चार अशी मोजतात. हल्ली फायब्रोस्कॅनने ती अंदाजता येत असल्यामुळे सुईची गरज पुष्कळ कमी झाली आहे.

लस अद्याप नाही. पण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांतील ९५ हून अधिक रोगी विषाणुमुक्त होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध सरकारी केंद्रांवर विनामूल्य मिळते. मात्र सिऱ्होसिस झालेल्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. कर्करोगाचा धोका पूर्णपणे टळत नाही.

या शतकाच्या आरंभापूर्वी ज्यांस रक्त चढविले गेले, ज्यांचे डायलिसिस चालते, किंवा ज्यांनी एकच सुई अनेकांस टोचणाऱ्याकडून इंजेक्शने घेतली, त्यांनी एकवार तपासणी अवश्य करावी. एका पंक्तीत जेवल्याने हा रोग लागत नाही. घरात रोग्याचे ताट-वाटी निराळे काढणे हा निष्कारण जाच आहे. दाढीचे पाते व दात घासण्याचा ब्रश तेवढे निराळे असावेत. आणखी एक : प्रतिपिंडांची चाचणी रोग बरा झाल्यावरही बहुधा होकारार्थीच येते. विषाणू आज आहे की नाही, हे आरएनए तपासणीच सांगते. लग्न जुळविताना जुना कागद पाहून कोणी मागे सरू नये.