पंप वाढवा, मामा

नांदूरघाट-केज पट्ट्यात शर्यतीच्या गाड्यांचं कौतुक कमीच. इथं ताकद हवी असते ती ट्रॅक्टरला. गळीत हंगाम तोंडावर आला, की दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढणारे मालक गॅरेजच्या दारात उभे राहतात. "मामा, ओढंना झालाय. पंप जरा वाढवा."

पंप म्हणजे डिझेल पंप. असे पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून मायकोच.

मिस्त्री पंप उतरवून टेस्ट बेंचवर बांधतो. मोटर तो ठरलेल्या फेऱ्यांनी फिरवते आणि एकेका सिलिंडरच्या वाट्याचं डिझेल वेगळ्या काचेच्या नळीत पडतं. पातळ्या सारख्या हव्यात. एक नळी मागं राहिली, की इंजिन लंगडतं आणि मालकाला ट्रॅक्टरच हलका वाटतो. मग नोझल. हातपंपाने दाब वाढवत नेला, की 'कर्र' आवाज करत धुक्यासारखा फवारा सुटायला हवा. टोकावर थेंब ओघळला, तर नोझल बाद. फवाऱ्यापुढं बोट धरायचं नसतं. ती धार कातडीतून आत घुसते. पुष्कळदा ताकद वाढवायची नसतेच, गेलेली परत आणायची असते, आणि ती इथंच येते.

खरं वाढवणं पंपावरच्या सील केलेल्या स्क्रूमध्ये असतं. सील तोडून तो थोडा फिरवला, की डिझेल जास्त जातं. हवा मात्र तेवढीच, म्हणून काळा धूर. हवा वाढवायला टर्बो लावा, तर उष्णता वाढते, पिस्टन आणि हेड गॅस्केटवर ताण येतो. इंजिनाचा जोर क्लच सोसत नाही, म्हणून हेवी क्लच प्लेट. मागच्या ओझ्यानं पुढची चाकं उचलतात, म्हणून पुढं वजनं. एक पार्ट दुसऱ्याला बोलावतो आणि दुकान त्यावरच चालतं. ब्रेक वाढवून मागणारं गिऱ्हाईक मात्र क्वचितच, आणि भरल्या ट्रॉल्या उतारावर मागून रेटतात तेव्हा गरज त्याचीच. कायद्याचंही कुणी विचारत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

अशाच एका दुपारी मिस्त्रीनं नळ्यांच्या पातळ्या जुळवल्या, नोझल बदलले, स्क्रूला हात लावला नाही. ट्रॅक्टर सुरू झाला. मालक सायलेन्सरकडं बघत राहिला.

"धूर कुठंय, मामा?"

"तो काढायचेच पैसे घेतोय ना."

मालकाला ते पटल्यासारखं दिसलं नाही. नोझलचे पैसे त्यानं दिले. मजुरीवर मात्र बराच वेळ घासाघीस चालली.