खोडमाशी, तना मक्खी आणि इंदूरचे खत

परदेशीपुऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये बसून कोड लिहिणाऱ्याचा शेतीशी काय संबंध, असे मला पुष्कळदा विचारतात. उत्तर द्यायला मी आधी याच भागाकडे बोट दाखवतो. मालवा मिल, हुकुमचंद मिल ही नावे घरातल्या मोठ्यांकडून आपण सगळ्यांनीच ऐकली आहेत. मिलला कापूस लागतो आणि कापूस चांगला हवा तर त्याचा अभ्यास लागतो. १९२४ मध्ये इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली ती कापसासाठीच. होळकर संस्थानाने ३०० एकर जमीन दिली, तर पैसा इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पुरवला. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

संस्थेचे संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. काम कापसाचे, पण त्यांचे लक्ष मातीकडेही होते. शेतातला काडीकचरा, तण, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि चुलीची राख यांचे थर रचायचे, ओल राखायची आणि ढीग तीन वेळा उलटायचा. साधारण तीन महिन्यांत उत्तम खत तयार. कपाशीच्या आणि तुरीच्या पळाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चुरडल्या जात. यंत्र नको, विकतचे रसायन नको. या पद्धतीला जगाने नाव दिले ‘इंदूर प्रोसेस’. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने या कामावरचे पुस्तक छापले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीला संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांचेही नाव आहे. आपल्या गावच्या मंडळींना हे नाव सहसा ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगतो.

ही पद्धत हॉवर्ड-वाड यांना आभाळातून सापडली नव्हती. अमेरिकेचे मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग १९०९ मध्ये चीन, कोरिया आणि जपान फिरले होते. तिथले शेतकरी शतकानुशतके काहीही वाया न घालवता जमीन कशी कसदार ठेवतात, हे त्यांनी पुस्तकात लिहिले आणि ते १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. हॉवर्ड यांनी ते वाचले होते. म्हणजे चिनी शेतकऱ्याचा अनुभव अमेरिकी पुस्तकातून इंदूरला आला आणि माळव्याच्या काळ्या मातीत त्याला शास्त्राची जोड मिळाली. पुढे इथून तो दक्षिण भारतातल्या चहाच्या आणि केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत गेला. या विषयावरचे हॉवर्ड यांचे व्याख्यान १९३६ मध्ये जर्मनमध्ये आणि १९३७ मध्ये कोस्टा रिकात स्पॅनिशमध्ये छापले गेले. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ही संस्था पाहिली होती.

त्याच काळात इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी काडापासून खत करण्याची ‘ॲडको’ ही पद्धत काढली होती. तिचे पेटंट होते आणि त्यासाठी लागणारी पूड विकत घ्यावी लागे. इंदूरच्या पद्धतीचे पेटंट कोणी घेतले नाही आणि तिच्यात गुपित असे काहीच नव्हते. इंदूरचे नाव जगभर झाले ते खताच्या गुणामुळे तर खरेच, पण माहिती मोकळी होती, समजेल अशी होती आणि ज्याच्या त्याच्या भाषेत पोहोचली, यामुळेही. यातली शेवटची गोष्ट आज आपल्या वाट्याला आलेली आहे.

आता आजच्या माळव्याकडे येऊ. इथे खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन दिसते. हे पीक मध्य प्रदेशात रुजले तेही परदेशी सहकार्यातून. १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर त्यावर काम केले. पुढे जबलपूरहून निघालेला जेएस ३३५ हा वाण महाराष्ट्रातही घरोघर पोहोचला. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरलाच, खंडवा रोडवर आहे. ती खरिपात दर आठवड्याला शेतकऱ्यांसाठी हिंदीत सल्ला काढते.

गेल्या पावसाळ्यात लातूरकडच्या माझ्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर सोयाबीनचा फोटो पाठवला. पाने पिवळी पडत होती. त्याच्या गावातल्या दुकानदाराने लगेच दोन बाटल्या काढून ठेवल्या होत्या. मी त्याला इंदूरचा त्या आठवड्याचा सल्ला पाठवला. दहा मिनिटांत फोन आला, “अरे, तना मक्खी म्हणजे कोणती माशी? आणि खरपतवार हे काय औषध आहे का?”

दादाला हिंदी सिनेमा पूर्ण समजतो, पण शेतीतली हिंदी वेगळी. तना मक्खी म्हणजे आपली खोडमाशी, खरपतवार म्हणजे तण आणि सेमीलूपर इल्ली म्हणजे उंटअळी. हे शब्द कळल्यावर पुढचे सोपे होते. सोयाबीन पिवळे पडायची कारणे अनेक. पिवळा मोझॅक हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो, लोहाची कमतरता असेल तरी पाने पिवळी होतात, शेतात पाणी साचले तरी होतात. खोडमाशीची अळी मात्र खोडाच्या आत असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दादाने खोड उभे चिरून पाहिले, तर आत लालसर पोखरलेली वाट. मग जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून त्याने फवारणी ठरवली. दुकानातल्या त्या बाटल्यांतली एक बुरशीनाशकाची होती. ती मारली असती तर पैसे गेले असते आणि अळी आतच राहिली असती.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट कामाला येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ‘ॲग्रोव्हॉक’ नावाचा शब्दसंग्रह आहे. १९८० च्या दशकापासून तो तयार होत आला. त्यात शेतीच्या ४० हजारांहून अधिक संकल्पना आहेत. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाला वेगवेगळ्या भाषांतले शब्द जोडलेले. तुम्ही कोणत्याही भाषेत शोधा, संगणक त्या क्रमांकावरून बाकीच्या भाषांतला मजकूरही शोधू शकतो. निरनिराळ्या देशांतल्या संस्था आपापल्या भाषेचे शब्द भरतात. हिंदी आणि तेलुगूचेही काम झाले आहे. हा सगळा संग्रह कोणालाही मोफत वापरता येतो.

याच संघटनेची १९७४ पासूनची ‘ॲग्रिस’ ही सूची जगभरच्या शेतीसंशोधनाची नोंद ठेवते. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये संशोधन सर्वांना खुले करण्याचे धोरण घेतले. ‘कृषिकोश’वर कृषी विद्यापीठांचे प्रबंध वाचता येतात. म्हणजे कपाटाचे कुलूप बऱ्याच अंशी निघाले आहे. दादासारख्यांचे अडते ते त्याच्या पुढे, शब्दापाशी.

आणि हा अडसर काढायला आपल्याइतके योग्य कोण? इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली आपली पिढी शाळेत हिंदीत शिकली, घरी मराठीत वाढली आणि नोकरी इंग्रजीत करते. तिन्ही भाषा आपल्याला फुकट मिळाल्या आहेत. मी आणि ऑफिसातले दोन मित्र सध्या सोयाबीनच्या कीड-रोगांची हिंदी, मराठी आणि शास्त्रीय नावे एका तक्त्यात भरतो आहोत. मराठी नाव घालण्याआधी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मराठी पुस्तिकेत ते ताडून पाहतो. औषधांची मात्रा आम्ही लिहीत नाही, ते काम तज्ज्ञांचे. त्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, गावाकडे कोणी शेती करत असेल, तर पुढच्या फोनवर एवढे विचारा : तुमच्याकडे या किडीला काय म्हणतात? या तणाला काय म्हणतात? मिळालेला शब्द लिहून ठेवा, सोबत गावाचे नाव आणि जमल्यास फोटो. मग ते आम्हाला मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. खरीप सुरू होण्याआधी तक्ता पुरा करायचा आहे.