वेळेची बचत आणि वेळेचा विनियोग

आयुष्य थोडे आणि करावयाचे फार, ही तक्रार प्रत्येक सुशिक्षित घरात ऐकू येते. तिच्यावर जे उपाय सुचविले जातात ते बहुधा काटकसरीचे असतात : पहाटे लवकर उठावे, दिवसाचे वेळापत्रक आखावे, गप्पागोष्टींना आळा घालावा. हे उपाय वाईट नाहीत. परंतु वेळ हे द्रव्यासारखे साठविता येणारे धन नव्हे. सकाळी वाचविलेला तास तिजोरीत ठेवून म्हातारपणी काढता येत नाही. तेव्हा त्याचा विनियोग कसा करावा, हाच विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

या विचाराला चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या घोलवडच्या परिसरात एक बोधप्रद उदाहरण सापडते. घोलवडला लागूनच बोर्डी हे गाव आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. भावनगर आणि दादर येथील बालशिक्षणाचे कार्य पाठीशी होते. विश्रांती घेतली असती, तर कोणी नाव ठेवले नसते. १९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांचे शिक्षण हा त्याचा मुख्य विषय झाला.

शाळा काढली म्हणजे मुले येतात, असा शहरातील माणसाचा समज असतो. येथे तसे होईना. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. वस्तुतः त्या मुलांचा वेळ रिकामा नव्हताच. मुलगा गुरे राखीत होता. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळीत होती, म्हणून आई मजुरीला जाऊ शकत होती. शाळेचे तास या दिवसक्रमात बसत नव्हते.

ताराबाईंनी दिवसक्रम मोडला नाही. शाळाच त्यात बसविली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरविली, ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षकच कुरणात गेला, ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्यामुळे तान्हे मूल पाळण्यात ठेवून मोठ्या बहिणीला वर्गात बसता येऊ लागले. अंगणवाडी हा शब्द पुढे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर रूढ झाला. कोणाच्याही दिवसात एक तासाची भर पडली नव्हती. परंतु त्या मुलीच्या कडेवरचा भार कोणीतरी उचलून घेतला होता.

आपल्या घरांना हा विचार लागू नाही काय? एकाला वाचनास निवांत तास मिळतो, तो पुष्कळदा दुसऱ्याने स्वयंपाक, आजारपण आणि लहान मुले सांभाळल्यामुळे मिळतो. घरातील सुनेला वा मुलीला "तुला वाचनाची आवडच नाही" असे म्हणण्यापूर्वी तिच्या हातात काय आहे, हे पाहिले पाहिजे. आपण वाचविलेला तास दुसऱ्याच्या दिवसातून तर काढलेला नाही ना, याचा हिशेब घरातील कर्त्या माणसाने अवश्य ठेवावा.

दुसरी अडचण वयाची. "आता काय उरले?" असे चाळिशीतच म्हणणारे लोक आपल्या परिचयाचे आहेत. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांचे बालवयात लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुण्यास दिवसा नोकरी करून रात्रीच्या शाळेत शिकत त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या, बी. ए. झाल्या १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. पदवीची वाट पाहत त्यांनी काम थांबविले नाही आणि कामाची सबब सांगून शिक्षणही सोडले नाही. ताराबाई १९७३ साली निवर्तल्यावर ते कार्य अनुताईंनी पुढे चालविले. १९९२ साली त्यांचा अंत झाला.

आयुष्याची लांबी आपल्या हाती नाही. परंतु शिकावयाचे राहिले असेल ते आज आरंभिणे, आणि घरात ज्याला उसंत नाही त्याच्या कामातला थोडा वाटा उचलणे, एवढे तर प्रत्येकाला शक्य आहे.