निळी गोळी

पांढरकवडा असो वा उमरखेड, यवतमाळ जिल्ह्यातील शाळांतून सहावीच्या पुढील मुलामुलींना आठवड्यातून एकदा जेवणानंतर एक निळी गोळी देतात. तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल असते. केंद्र सरकारने ही योजना २०१२ साली आखली.

लोहाचा अभ्यासाशी संबंध काय? आपला मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढाच. परंतु शरीर वापरते त्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. हा प्राणवायू रक्तातील तांबडे द्रव्य वाहून नेते आणि ते द्रव्य लोहावाचून तयार होत नाही. लोह कमी पडले, की मूल लवकर थकते, त्याचे चित्त धड्यावर ठरत नाही. अशा मुलास आपण खुशाल ‘आळशी’ म्हणतो, हा केवढा अन्याय!

कपाशीच्या शेतात अनवाणी हिंडताना अंकुशकृमी तळपायातून शरीरात शिरू शकतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. म्हणून जंतांची गोळीही द्यावी लागते.

मात्र ज्याच्या शरीरात लोह पुरेसे आहे, त्याची बुद्धी निळ्या गोळीने वाढत नाही. ती उणीव भरून काढते, एवढेच. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी यांतही लोह असते. वरणावर लिंबू पिळले, तर ते अधिक शोषले जाते; जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातील बरेच वाया जाते.