अपुऱ्या दिवसांचे मूल आणि प्राणवायू

तळ्याच्या बाजूला पावसाळ्याआधी राब भाजतात. वारा पडलेला पाहून माणूस विस्तव लावतो. वारा सुटला तर? आग बांध ओलांडते. कुंपण, काजू, सापडेल ते जाळते. विस्तवाला वारा लागतोच, पण बेताचा.

प्राणवायूचेही तसेच आहे. साध्या हवेच्या १०० भागांत २१ भाग प्राणवायू असतो. तेवढा आपल्याला पुरतो.

मूल साधारण ४० आठवडे पोटात वाढते. ३७ आठवड्यांच्या आत जन्मले, तर ते अपुऱ्या दिवसांचे. सातव्या महिन्यातल्या मुलाची फुप्फुसे तयार झालेली नसतात. फुप्फुस म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांचा घोस. ह्या मुलाच्या पिशव्या थोड्या, त्याही श्वास सोडला की मिटून चिकटतात. ओठ निळे पडतात. मग डॉक्टर प्राणवायू लावतात. तो लावलाच पाहिजे, नाहीतर मूल हाती लागत नाही.

पण आजी म्हणते, "बाई, जरा जास्त सोडा की!" नर्सबाई ऐकत नाहीत. आजीला राग येतो.

नर्सबाईंचे बरोबर आहे. आईच्या पोटात बाळाला प्राणवायू थोडाच मिळतो. त्या कोवळ्या पिशव्यांना अतिरेक सोसत नाही. त्यांचे अस्तर भाजल्यासारखे होते. आता, फुप्फुसात काही राखणदार पेशी वस्तीला असतात. त्या धूळ नि जंतू गिळतात. अस्तर दुखावले की त्या हाका मारतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. चोर तर कोणीच नाही! तरी त्या शस्त्रे चालवतात, आणि घरच्याच भिंती पडतात. सूज येते. नव्या पिशव्या फुटायच्या थांबतात. शिवाय राखणदारही सुस्तावतात. खरा जंतू आला, तर तो त्यांच्याने नीट गिळवत नाही. असे मूल पुढे वरचेवर छातीने आजारी पडते.

हे कळायला डॉक्टरांनाही वेळ लागला. जादा प्राणवायूने अशा मुलांचे डोळे जातात, हे १९५१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. केट कॅम्पबेल यांनी दाखवले. फुप्फुसाचा हा आजार अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६७ साली नोंदवला.

आता बाळाच्या पावलाला छोटा लाल दिवा बांधतात. रक्तात प्राणवायू किती, ते तो सांगतो. नळी चालू असताना आकडा साधारण ९० ते ९५ ठेवतात. १०० दिसला की आपल्याला आनंद होतो. नर्सबाई मात्र प्राणवायू कमी करतात.

अशा मुलांसाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात वेगळा कक्ष आहे. तळ्याहून तिथवर वाट लांबची. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून कापड गुंडाळावे, डोके झाकावे, नाकतोंड मोकळे ठेवावे. बाळ गारठले, की त्याला प्राणवायू जास्त लागतो.