अनुकंपी तंत्रिकांचे पुनर्जनन

रक्तवाहिन्यांचे आकुंचन नियंत्रित करणारे अनुकंपी तंत्रिकातंतू तुटल्यास ते पुन्हा वाढून रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात व त्यांच्यावरील नियंत्रण काही अंशी किंवा पूर्णपणे परत मिळवितात. या प्रक्रियेस अनुकंपी तंत्रिकांचे पुनर्जनन म्हणतात. जखमी हातापायांच्या बाबतीत ती उपकारक असते. परंतु रोगोपचारासाठी शस्त्रक्रियेने या तंत्रिका तोडल्या असल्यास तीच प्रक्रिया उपचार निष्फळ करू शकते.

रचना व कार्य : मेरुरज्जूच्या वक्षीय व वरच्या कटी भागांतून निघणारे गुच्छिकापूर्व तंतू अनुकंपी गुच्छिकांत संपतात. तेथील कोशिकांपासून निघणारे गुच्छिकोत्तर तंतू रोहिण्या व रोहिणिका यांच्या भित्तींत जाळ्यासारखे पसरतात. मण्यांच्या माळेप्रमाणे दिसणाऱ्या त्यांच्या फुगीर भागांतून नॉरॲड्रेनॅलीन स्रवते व त्यामुळे अरेखित स्नायू आकुंचन पावतात. विश्रांतीच्या वेळीही मंद गतीने आवेग येत असल्याने वाहिन्या अंशतः आकुंचित राहतात. १८५१ मध्ये क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मानेतील अनुकंपी तंत्रिका छेदली असता त्या बाजूचा कान उष्ण झाल्याचे त्यांना आढळले. पुढे ब्राउन-सेकार यांनी छेदलेल्या तंत्रिकेच्या वरच्या टोकाचे विद्युत् उद्दीपन केले, तेव्हा कानातील वाहिन्या आकुंचित होऊन तो थंड पडला.

तंत्रिकाविच्छेदाचे परिणाम : कोशिकेपासून अलग झालेला तंतूचा भाग काही दिवसांत नष्ट होतो. प्रारंभी तेथील त्वचा उष्ण होते आणि घाम न आल्याने कोरडी राहते. ही उष्णता टिकत नाही. काही दिवसांत वा आठवड्यांत वाहिनीचे स्नायू स्वतःचा ताण परत मिळवितात. शिवाय रक्तात भ्रमण करणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनास ते अतिसंवेदी बनतात. त्यामुळे रुग्णाचा हात थंडीत सहज गार व फिकट पडतो. गरजेनुसार होणारे तंत्रिकाजन्य फेरबदल मात्र बंद पडतात.

पुनर्वाढ : तंतू नष्ट झाला, तरी त्याभोवतीच्या श्वान कोशिका टिकून राहतात व नव्या अंकुरांना मार्ग दाखवितात. या कोशिका व वाहिनीभित्तीतील स्नायू तंत्रिकावर्धक घटक हे प्रथिन निर्माण करतात. त्याच्या शोधासंबंधीच्या कार्याबद्दल रीता लेव्ही-माँताल्चीनी व स्टॅन्ली कोएन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परिघीय तंत्रिकांतील वाढीचा वेग दररोज सु. १ ते ३ मिमी. असतो, त्यामुळे मनगटाजवळ तुटलेल्या तंतूंना बोटांच्या टोकापर्यंत पोहोचण्यास काही महिने लागतात. तंत्रिका केवळ चिरडली गेली असल्यास तिचे आवरण शाबूत राहते व पुनर्जनन चांगले होते. ती पूर्णपणे कापली गेल्यास व्रणऊतकाचा अडथळा येतो आणि अनेक तंतू मार्ग चुकतात.

योग्य जोडणी : तंतू वाढणे एवढेच पुरेसे नाही, योग्य ठिकाणी जोडणी व्हावी लागते. जे. एन. लँग्ली यांनी १८९५ मध्ये मांजराच्या मानेतील गुच्छिकापूर्व तंतूंच्या पुनर्जननानंतर मेरुरज्जूच्या निरनिराळ्या मुळांचे उद्दीपन केले. पहिल्या वक्षीय मुळामुळे डोळ्याची बाहुली विस्फारली, तर चौथ्यामुळे कानातील वाहिन्या आकुंचित झाल्या. पूर्वीची विभागणी पुन्हा प्रस्थापित झाल्याचे, म्हणजेच वाढणारे तंतू योग्य कोशिका निवडत असल्याचे, यावरून दिसून आले. ही निवड नेहमीच अचूक नसते. कर्णमूलाजवळील लालाग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतर लालास्रावाचे परानुकंपी तंतू चुकून गालाच्या स्वेदग्रंथींत व त्वचेतील वाहिन्यांत शिरतात. त्यामुळे जेवताना गाल लाल होऊन घामेजतो. ल्युत्सिया फ्राय यांनी १९२३ मध्ये वर्णन केल्यावरून यास फ्राय लक्षणसमूह म्हणतात.

वैद्यकीय महत्त्व : रेनो रोगात बोटांतील वाहिन्या थंडीने अतिशय आकुंचित होतात. त्यावर अनुकंपी तंत्रिका छेदून मिळालेला आराम पुष्कळदा तात्पुरता ठरतो व त्याच्या कारणांपैकी पुनर्जनन हे एक मानतात. याउलट, प्रतिरोपित हृदयाच्या सर्व तंत्रिका तुटलेल्या असतात. काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर सु. एक वर्षाने व पुढे अनुकंपी तंतू अंशतः परत वाढतात आणि जेथे ते पोहोचतात, तेथे थंडीच्या उद्दीपनाने हृद्-रोहिण्यांतील रक्तप्रवाह अधिक वाढतो.

मेरुरज्जूतील उतरते मार्ग तुटल्यास मात्र मानवात त्यांचे उपयुक्त पुनर्जनन होत नाही. परिघीय अनुकंपी तंतू शाबूत असूनही अशा रुग्णात मेंदूचे वाहिन्यांवरील नियंत्रण नाहीसे होते व रक्तदाब अस्थिर राहतो.